सीओपीडीच्या रुग्णाने फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का?

प्रश्न
माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) आहे. गेल्या वर्षी फ्लूची लस घेतल्यावर दोन दिवस त्यांचे अंग दुखत होते आणि कणकण होती. तेव्हापासून 'लसीनेच मला फ्लू झाला' असे त्यांच्या मनाने घेतले असून यंदा ते साफ नकार देत आहेत. त्यातच दम वाढल्यामुळे दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स कालच संपला आहे. अशा वेळी लस द्यावी का, आणि न्यूमोनियाची लस पूर्वी घेतलेली असताना ही दरवर्षी कशासाठी?

उत्तर 1
इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. कणकण ही शरीराच्या प्रतिकारशक्तीने दिलेली प्रतिक्रिया असते. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, दोन्ही गोलार्धांसाठी, लशीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते. न्यूमोनियाची लस न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्ध असते, त्यामुळे एक घेतली म्हणून दुसरी टाळता येत नाही. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा साथीची वाट पाहू नये.

उत्तर 2
मीही सीओपीडीचाच रुग्ण आहे आणि एका वर्षी मी लस टाळली होती. फ्लूचा ताप चार दिवसांत उतरला, पण बाथरूमपर्यंतच्या दहा पावलांत मला दोनदा भिंतीला टेकून उभे राहावे लागे, आणि आधी होती तेवढी श्वासाची ताकद पुन्हा कधीच आली नाही. वडिलांना हे अवश्य सांगा. न्यूमोनियाच्या लशीचे कार्डही शोधा, कारण लस जिवाणूच्या किती प्रकारांवर चालते ते सांगणारा त्यावरचा 13, 20 किंवा 23 हा आकडा महत्त्वाचा असतो: पूर्वी फक्त 23 ची लस घेतली असेल, तर किमान एक वर्षानंतर कॉन्ज्युगेट प्रकारची, म्हणजे प्रथिनाची जोड दिलेली, लस देतात.

उत्तर 3
स्टेरॉइडच्या छोट्या कोर्समुळे ही लस अडत नाही. जपावे लागते ते जिवंत विषाणूंच्या लशींबाबत, म्हणूनच नाकात फवारायची फ्लूची लस या रुग्णांसाठी नव्हे. मात्र दम अजून वाढलेला असेल किंवा ताप असेल, तर तो ओसरेपर्यंत थांबावे आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवावा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. कार्ड सापडले, त्यावर 23 आहे. उत्तरे वडिलांना वाचून दाखवली, तेव्हा दहा पावलांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि डॉक्टरांकडे कधी जायचे, असे स्वतःहून विचारले.