उल्कावर्षाव: डोळ्यांना दिसलेल्या उल्का कॅमेऱ्यात का उतरल्या नाहीत?

प्रश्न

जेमिनिड्स उल्कावर्षावाच्या रात्री, १३ डिसेंबरला, मी पहिल्यांदाच कॅमेरा आकाशाकडे रोखला. कॅमेरा साधा, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा). त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्स १८ मिमीवर, ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/३.५, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० आणि एक्स्पोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) ३० सेकंद. उगमबिंदू, म्हणजे जिथून उल्का निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ असतो असे वाचले होते, म्हणून रोख नेमका तिकडेच ठेवला. तीन तासांत नुसत्या डोळ्यांनी वीसेक उल्का मोजल्या. छायाचित्रांत मात्र दोनच फिकट रेघा आल्या, तारे लांबट उमटले आणि आकाश शेवटपर्यंत निरभ्र असूनही अखेरच्या तासातली सगळी छायाचित्रे धुक्यातून काढल्यासारखी पांढुरकी निघाली. एक्स्पोजर आणखी वाढवायला हवे होते का?

पहिले उत्तर

एक्स्पोजर वाढवल्याने उल्का उजळ होत नाही, हे पटायला मलाही बराच वेळ लागला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तारा ३० सेकंद जवळजवळ त्याच जागी प्रकाश टाकत राहतो. उल्केचे तसे नसते. जेमिनिड्स सेकंदाला सुमारे ३५ किमी वेगाने येतात आणि साधारण १०० किमी उंचीवर पेटतात. अशी उल्का तुमच्या लेन्ससमोरून आडवी गेली, तर एकेका पिक्सेलवर ती सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढी रेंगाळते. तेवढ्यात जो प्रकाश पोहोचला तो पोहोचला. त्यानंतर शटर उघडे राहिले की फक्त मागचे आकाश उजळत जाते आणि फिकट रेघ त्यात बुडते. ऑगस्टमधल्या पर्सिड्स तर सेकंदाला ५९ किमी वेगाच्या असतात, म्हणजे त्यांना आणखी कमी वेळ मिळतो.

म्हणून उल्केसाठी खरे महत्त्व ॲपर्चरला आणि त्याखालोखाल आयएसओला आहे. एफ/३.५ ही तुमच्या लेन्सची मर्यादा आहे, ती आहे तशी स्वीकारा. आयएसओ मात्र ३२०० वर न्या, आणि आकाश फारच उजळ येत असेल तरच १६०० वर उतरा. छायाचित्र रवाळ दिसेल, पण रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर तो रवाळपणा नंतर बराच आवरता येतो. न उमटलेली उल्का कुठून आणणार? लांबट ताऱ्यांसाठी ढोबळ हिशेब असा, की ५०० ला फोकल लेन्थने भागायचे. क्रॉप सेन्सरमुळे तुमचे १८ मिमी सुमारे २७ होतात आणि उत्तर १८ सेकंदांच्या आसपास येते. मी १५ सेकंदच ठेवेन.

दुसरे उत्तर

वरच्या हिशेबाशी सहमत आहे. फक्त रोखाबद्दल लिहितो. उगमबिंदूजवळच्या उल्का आपल्याच दिशेने येत असल्यामुळे त्यांच्या रेघा आखूड दिसतात, तर लांब गेलेल्या उल्का लांबलचक पण झरझर सरकणाऱ्या, म्हणून प्रत्येक पिक्सेलवर अधिक फिकट असतात. उगमबिंदूपासून ४० ते ६० अंशांवर, क्षितिजापासून साधारण ४५ अंश उंचीवर, जिथे आकाश सर्वांत काळे असेल तिथे कॅमेरा लावा आणि मग मोह आवरा. ‘तिकडे जास्त पडताहेत’ म्हणून ट्रायपॉड फिरवत बसणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तुमचे धुके म्हणजे दव आहे. उघड्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव धरते. कापडाने पुसले तरी काच थंडच राहत असल्यामुळे ती काही मिनिटांत पुन्हा पांढरी होते. हात शेकण्याची गरम पाकिटे मिळतात, ती दोन पाकिटे मोज्यात घालून लेन्सच्या पुढच्या कडेखाली बांधा, आणि हे दव धरण्याआधी करा. बांधून झाले की फोकस पुन्हा तपासा: लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात) एखादा ठळक तारा दहापट मोठा करून रिंग अगदी हळू फिरवत राहा, तारा सर्वांत बारीक टिंबाएवढा झाला की थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. झूमची रिंगही विसरू नका, तीही घसरते.

तिसरे उत्तर

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधला रवाळपणा कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू होते का? असल्यास प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि निम्मी रात्र वाया जाते. ते बंद करून इंटरव्हलोमीटरने (ठरावीक अंतराने आपोआप शटर दाबणाऱ्या उपकरणाने) सलग छायाचित्रे घ्या. १५ सेकंद आणि मध्ये १ सेकंद धरले तर चार तासांत ९०० छायाचित्रे होतात, तेव्हा मोठे कार्ड आणि जादा बॅटरी हवीच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी खिशात उबेला ठेवा.

जुनी छायाचित्रे मात्र पुसू नका. ती एकामागून एक शंभर टक्के मोठी करून पाहा. रेघ पुढच्या छायाचित्रात त्याच ओळीत सरकलेली दिसली तर तो उपग्रह किंवा विमान. उल्का एकाच छायाचित्रात असते आणि तिची दोन्ही टोके निमुळती होत जातात.

प्रश्नकर्त्याकडून

तिघांचेही मनापासून आभार. नॉइज रिडक्शन चालूच होते, हे आज मेनू उघडल्यावर कळले. काल रात्री सगळी छायाचित्रे पुन्हा पाहिली. माझ्या दोन रेघांपैकी एक पुढच्या छायाचित्रातही पुढे गेलेली आहे, म्हणजे तो उपग्रह होता. पण डाव्या खालच्या कोपऱ्यात, झाडाच्या शेंड्याला जवळजवळ टेकलेली, नखाएवढी एक रेघ सापडली आहे, दोन्हीकडे निमुळती, आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांत तिथे काहीच नाही.