शब्दचर्चा : कॉमिकमधल्या 'गटर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधे कोरी पट्टी सोडलेली असते, तिला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्येही दोन स्तंभांमधल्या जागेचं नाव तेच. मराठीत तो शब्द ठेवला की आधी सांडपाणी आठवतं. वेबकॉमिक नव्याने वाचणाऱ्यांसाठी टिपण लिहायचं आहे. शब्द सुचवा.

उत्तर : 'फट'. दाराची फट, फळ्यांमधली फट : दोन वस्तू जवळ असून मधे जागा उरली की आपण हाच शब्द वापरतो. शिवाय फटीतून काहीतरी दिसतं, हा अर्थही इथे हवाच आहे. पहिल्या चौकटीत कोपर कपाला लागतंय, दुसरीत फरशीवर तुकडे. कप पडताना कुणीच काढलेला नाही, तो वाचकाने फटीत पाहिला. कॉमिक वाचण्यातली अर्धी मजा तिथे आहे. कॉमिककार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात या जागेला एवढं महत्त्व दिलं ते याचसाठी.

उत्तर : छापील पानाला 'फट' चालेल, वेबटूनला, म्हणजे फोनवर खाली सरकवत वाचायच्या वेबकॉमिकला, अपुरा पडेल. कोरियात दाउम या वेब पोर्टलने २००३ मध्ये आणि नेव्हर या दुसऱ्या पोर्टलने २००४ मध्ये वेबटून सुरू केलं. त्यातून खाली सरकवत वाचायची उभी रचना रुळली. तिथे पानाची मर्यादा नाही, त्यामुळे मधली जागा फोनच्या पडद्याहूनही उंच असू शकते. थोडी जागा म्हणजे लगेच पुढचं वाक्य, अर्धा पडदा म्हणजे बोलणारा अडखळला, दोन पडदे काळोख म्हणजे रात्र गेली किंवा कुणी खोल कोसळतंय. अंगठा जितका वेळ सरकतो तितका वेळ कथेत जातो. याला 'विराम' म्हणावं.

उत्तर : 'विराम' हा परिणाम झाला, जागा नव्हे. दोन्ही ठेवा : फट रुंदावली की विराम लांबतो. आणि टिपणात खोट्या फटीबद्दल जरूर लिहा, नवा वाचक तिथेच फसतो. उभा भाग एकसंध दिसला तरी चित्रांचे तुकडे एकाखाली एक लावलेले असतात. 'वेबटून कॅनव्हास' या, कुणालाही आपलं कॉमिक टाकता येणाऱ्या स्थळावर ८०० पिक्सेल रुंद, १२८० पिक्सेल उंच असे तुकडे चढवतात. नेट मंद असताना भराभर सरकवलं तर एखादा तुकडा उतरतच नाही आणि त्या जागी कोरं दिसतं. ओळखायचं कसं? खऱ्या फटीआधी चौकट किंवा रंग नीट संपतो. खोट्या फटीत संवादाचा फुगा किंवा चेहरा मधोमध कापलेला असतो. अशा वेळी थांबा, चित्र उतरू द्या. संगणकावर उलटी अडचण येते : पट्टी फार मोठी दिसून विराम ताणला जातो. झूम ६० टक्क्यांच्या आसपास आणून बघा.

प्रश्न : 'मांगा' आणि 'वेबटून' एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. चालेल?

उत्तर : नको, वाचायची दिशाच बदलते. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे, वरच्या उजव्या चौकटीपासून वाचायचा; फुग्यांचा क्रमही तोच. डावीकडून सुरुवात केली तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो. कोरियन कॉमिकला 'मान्ह्वा' म्हणतात, ते डावीकडून उजवीकडे. 'वेबटून' ही त्याची पडद्यावरची उभी जात. 'वेबकॉमिक' सर्वांत व्यापक शब्द, त्यात तीन चौकटींची आडवी चित्रमालिकाही बसते.

उत्तर : आणखी एक शब्द हवा आहे. २००५ पासून चालू असलेल्या 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकमध्ये चित्रावर माउस ठेवला की एक जादा ओळ उमटते, आणि पुष्कळदा खरा विनोद तिच्यातच असतो. लोक तिला 'ऑल्ट टेक्स्ट' म्हणतात, ते चूक. ऑल्ट म्हणजे चित्र न दिसल्यास किंवा स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) दिलेलं वर्णन; ही ओळ वेबपानाच्या कोडमधल्या 'टायटल' या गुणधर्मात असते. मी 'दडलेली ओळ' सुचवेन. फोनवर माउस नसल्याने ती निसटते. चित्रावर बोट दाबून धरलं तर कधी दिसते, कधी अर्धवट तुटते. त्या स्थळाच्या मोबाइल आवृत्तीत मात्र ती उघडायची वेगळी सोय आहे.

प्रश्नकर्ता : आभार. टिपणातलं वाक्य असं करतो : 'फट दिसली की अंगठा सावकाश सरकवा, फुगा कापलेला दिसला तर थांबा, चित्र संपलं तरी दडलेली ओळ आहे का ते बघा.'

उत्तर : 'फट दिसली की' ऐवजी 'फट रुंदावली की' करा. अरुंद फटीत रेंगाळलं तर झटापटीचा वेग जातो.