मदत हवी आहे: रात्री नऊच्या चहाने झोप लागायची, पाचच्या कॉफीने उडते!

मंडळी, नोकरीपायी आठ महिन्यांपूर्वी साताऱ्याहून बंगळुरूला आले. घरी दिवसाला चार कप चहा, आलं ठेचून, खळखळ उकळलेला. शेवटचा रात्री नऊला, ओटा आवरल्यावर. साडेदहाला ढाराढूर.

इथे पाच वाजता सगळे खाली दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, कॉफीला उतरतात. स्टीलचा टंबलर-डबरा, वर फेस, जेमतेम अर्धा कप. अर्ध्या तासात बोटं थरथरतात, छातीत धडधडतं, आणि रात्री दीडला मी पंखा बघत पडलेली असते.

वजनाला वजन धरलं तर कॉफीपेक्षा चहापत्तीत कॅफीन जास्त असतं म्हणे. मग हे उलटं का? आणि इथल्या कॉफीत तर चिकोरीही (एका मुळाची भाजलेली पूड) असते!

कषाय: वजनाचं बरोबर आहे. पण कपाला पत्ती दोन-अडीच ग्रॅम, कॉफीची पूड दहाच्या वर. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन, तेवढ्याच गाळलेल्या कॉफीत ९५ च्या आसपास. तुमच्या कॉफीतलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला अर्क, त्याहून दाट, म्हणून कप लहान दिसला तरी फसू नका. चिकोरीत कॅफीन नसतं हे खरं, पण पुडीत रोबस्टा जातीची कॉफी असेल तर तिच्यात अरेबिका जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन. बाकी द्रव्य दोन्हीकडे एकच. १८२७ साली चहात सापडलं तेव्हा त्याला थेइन असं वेगळं नाव दिलं होतं, ते कॅफीनच आहे हे नंतर कळलं.

चहाटळ: आमच्याकडे 'उष्ण पडते' म्हणतात, विषय संपला. :)

कषाय: दिवसभरात मेंदूत अडिनोसिन साचतं, त्याने पेंग येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. ते निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, म्हणजे पाचच्या कॉफीतलं निम्मं रात्री दहाला शिल्लक.

धागाकर्ती: पण नऊचा चहा तर अख्खाच शिल्लक असायचा की! तरी झोपायचेच ना?

कषाय: मुद्दा आहे. दोन प्रश्न विचारतो. सकाळचे चहा बंद केलेत का? आणि एखादं औषध चालू आहे का? काही औषधांनी कॅफीन शरीरातून फार सावकाश जातं. गर्भनिरोधक गोळ्यांनी तर जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

धागाकर्ती: अगंबाई. सकाळचे दोन चहा चालूच आहेत, शिवाय अकराची मशीनची कॉफी. ती मी कधी मोजलीच नव्हती. आणि त्या गोळ्या सहा महिन्यांपासून घेतेय, पाळीच्या तक्रारीसाठी. झोपेचं खोबरं साधारण तेव्हापासूनच झालंय!

कषाय: गोळ्या मनाने थांबवू नका. धडधडीचं डॉक्टरांच्या कानावर घाला. तोवर दुपारी बारानंतर कॉफीही नको, चहाही नको.

धागाकर्ती: सोमवारची वेळ घेतलीये. उद्या पाचला बदाम दूध मागवते. दर्शिनीवाला तेही टंबलरमध्येच देतो, कुणाला कळायचं नाही.