इतिवृत्तात ‘गट’ लिहावे की ‘तट’?

घोडबंदरकर:
ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत पुनर्विकासावरून सभासदांत उभी फूट आहे. विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मराठीत लिहायचे आहे. ‘दोन गट’ की ‘दोन तट’? मसुद्यात कोणीतरी ‘कंपू’ही घातलाय.

मुद्रितशोधक:
कंपू आधी काढा. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेत तो मानाचा शब्द होता. आज आपल्याच चारचौघांची पाठ थोपटणाऱ्या कोंडाळ्याला हिणवायला वापरतात. ‘टोळी’ तर नकोच, ती पोलीस ठाण्यात शोभते.

गट बिचारा निरुपद्रवी. बचत गट, गटनेता, गटविकास अधिकारी. यात वैर कुठेच नाही आणि गट एकटाही असू शकतो. तट एकटा नसतो, समोर दुसरा लागतोच. म्हणून ‘बचत तट’ कोणी म्हणत नाही. क्रियापदेही ठरलेली: तट पडतात, गट करतात, कंपू जमतो, फळी उभी राहते, दुफळी माजते. ‘गट माजला’ लिहिलेत तर अर्थ भलताच. शिवाय ‘दोन गटात’ नव्हे, ‘दोन गटांत’. अनेकवचनी अनुस्वार हमखास गळतो.

कळवेकर:
शब्द म्हणून बरोबर, पण पुनर्विकासाच्या कागदात ‘गट’ही अडचणीचा. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. ‘गट २ चा विरोध’ वाचून माणूस जमिनीचा तुकडा शोधेल.

नौपाडावासी:
‘गट’ अगदीच निरुपद्रवी नाही हो. गट म्हणजे कशाचा तरी तुकडा. शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतर सगळेच ‘शिंदे गट’, ‘ठाकरे गट’ म्हणायचे. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंद्यांकडे दिले, तेव्हापासून कोणाला ‘गट’ म्हणता यावरून तुमची बाजू ओळखतात. इथे ठाण्यात तर लगेच.

मुद्रितशोधक:
मान्य. मग इतिवृत्तात दोन्ही नकोत. ठरावाखाली फक्त ‘बाजूने’, ‘विरोधात’ आणि ‘तटस्थ’ अशी मते आकड्यांत लिहा. (तटस्थ म्हणजे काठावर उभा, तट पाडणारा आणि न पाडणारा, दोघांचे मूळ एकच!) चर्चेच्या नोंदीत ‘प्रस्तावास विरोध असलेल्या सभासदांनी बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पस निधीच्या रकमेबाबत हरकत नोंदवली’ एवढे पुरे. ‘तट’ सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर खुशाल वापरा.