मदत हवी आहे: रूफटॉप युनिटचे बर्नर पेटतात आणि लगेच विझतात

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमच्या किराणा दुकानाच्या छतावर 10 टन कूलिंग क्षमतेचं रूफटॉप युनिट (हीटिंग-कूलिंगचं एकत्र यंत्र) आहे, हीटिंग गॅसवर. उन्हाळाभर कूलिंग उत्तम चाललं. आता थंडीत बर्नर पेटतात, काही सेकंदांत विझतात आणि शेवटी कंट्रोल बोर्ड लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे पुन्हा पेटवायचं थांबवतो. फिल्टर नवे आहेत. मेन बंद करून फ्लेम सेन्सर (ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी दांडी) काढला, बारीक स्टील वूलने घासला. तरी फ्लेम करंट (सेन्सरवरून ज्योतीतून जाणारा सूक्ष्म करंट) 1 मायक्रोअँपच्याही खाली. सेन्सरच्या पोर्सेलीनला तडा नाही. माझा संशय अर्थिंगवर आहे, कारण ज्योतीतून जाणारा करंट बर्नर आणि चासीमधूनच बोर्डाकडे परततो. ते नेमकं कुठे तपासावं? की आधी गॅसचा दाब? तो परवानाधारकाकडूनच बघून घेईन. सरळ बोर्ड बदला म्हणतात, पण कारण कळल्याशिवाय ते पटत नाही. आई-बाबा दिवसभर दुकानात बसतात, कृपया लवकर सांगा.