आईचा बटणाचा फोन आणि ई-पीक पाहणी: दुरुस्ती होईल का?

तासावरचा_पोऱ्या:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमचं चार एकर वावर आहे. बाबा गेल्यापासून आईच बघते, मी पुण्यात नोकरीला. आईकडे बटणाचा फोन आहे आणि तो तिला सोडायचा नाही. कमरेला खोचता येतो, चिखलात पडला तरी चालतो, चार्जिंग चार-चार दिवस टिकतं. मी दिलेला टचचा फोन पेटीत साडीखाली झोपलाय.

आधी पीक पाहणी, म्हणजे कोणत्या वावरात कोणतं पीक आहे याची सातबाऱ्यावरची नोंद, तलाठी करायचा. एका वर्षी आमच्या तुरीच्या वावरात सोयाबीन लागलेलं होतं, सातबाऱ्यावर! त्यामुळे २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर शेतकऱ्यानेच फोनवरून पीक नोंदवायचं ठरलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आपलं पीक आपण लिहायचं, यात वाईट काय?

परवा शेजारचा पोरगा त्याचा फोन घेऊन आईसोबत वावरात गेला. ॲप म्हणे, तुम्ही गटाच्या (म्हणजे आमच्या वावराच्या) बाहेर आहात. आई वैतागली : "मी वावरातच उभी हावो, अन् हा म्हणते बाहेर हाय! सत्तेचाळीस वर्सं काय दुसऱ्याच्या वावरात निंदलं मी?" तासाभराने कशीबशी नोंद झाली. रात्री त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला तर 'निर्भेळ पीक – कापूस', क्षेत्र अख्खं १.६० हेक्टर. आमच्याकडे कपाशीच्या आठ तासांमागे (म्हणजे ओळींमागे) तुरीचं एक तास असतं. तूर गायबच.

आता हे दुरुस्त होतं का? आणि दर हंगामात शेजारच्या पोराच्या मागे लागण्यावाचून दुसरा उपाय आहे का? पोरगा चांगला आहे हो, पण पुढच्या वर्षी तोही पुण्यालाच येणार आहे.

धुऱ्यावरून:
दादा, मी आमच्या गावात पीक पाहणीचा सहायक आहे. आधी घड्याळ बघा. नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आत एकदाच दुरुस्ती करता येते. ज्या फोनवरून नोंद केली त्याच फोनवर नोंदवलेल्या पिकांची यादी उघडा, नोंद काढा आणि 'मिश्र पीक' निवडून पुन्हा भरा. कापूस मुख्य, तूर दुय्यम, दोघांचं क्षेत्र वेगवेगळं.

गटाच्या बाहेर दाखवण्याचं म्हणाल तर बहुतेक जण धुऱ्यावर (बांधावर), बाभळीच्या सावलीत उभे राहून फोटो काढतात. वावराच्या मधोमध, उघड्यावर जायचं. लोकेशन चालू करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग फोटो. रेंज नसली तरी अडत नाही, माहिती फोनमध्ये राहते, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. आणि शेतकरी स्तरावरची मुदत संपली की उरलेल्या गटांची नोंद आम्ही सहायक करतो. काकूंना सांगा, गावचा सहायक कोण ते विचारून ठेवा.

जुनाखातेदार:
सहायक सगळीकडे तुमच्यासारखा फिरत नाही भाऊ. २०२३ च्या खरिपाचं कापूस-सोयाबीनचं हेक्टरी ५,००० रुपये अर्थसहाय्य आलं, तेव्हा आधी ई-पीक पाहणीचीच अट होती. सातबाऱ्यावर पीक दिसत असलेल्यांसाठी ती पुढे सैल झाली, पण तोवर आमच्या गल्लीत किती जणांच्या पोटात गोळा आला ते मी पाहिलंय. कापूस घरात, कागदावर पड!

नैरोबीकर:
विषय थोडा लांबचा, पण काकूंच्या फोनवरून आठवलं. मी केनियात राहतो. इथे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ मध्ये आलं तेच मुळी बटणाच्या फोनवर. इंटरनेट नाही, सिमकार्डातला मेन्यू आणि पिन. कोपऱ्यावरची भाजीवाली, तिला इथे मामा म्बोगा म्हणतात, अजून साध्या फोनवर पैसे घेते. अडलं तर गल्लीत एजंट बसलेला असतो, आणि त्याला प्रत्येक व्यवहारामागे कमिशन मिळतं म्हणून तो जागेवर सापडतो. आपल्याकडे साध्या फोनसाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, पण गावी गेलो की कुणी वापरताना दिसत नाही. पीक पाहणीला फोटो लागतो, तिथे बटणाचा फोन कमी पडणारच. मग त्या सहायकाला वेळेवर पैसे मिळतात का, हे आधी विचारा.

धुऱ्यावरून:
नैरोबीकर, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पेट्रोल सध्या घरचंच.

तासावरचा_पोऱ्या:
झालं! एकेचाळिसाव्या तासाला. पोरगा सकाळी सातला पुन्हा गेला, या वेळी मधोमध उभा राहिला, पहिल्या झटक्यात गट सापडला. कापूस १.४०, तूर ०.२०. फोटोत कपाशीपेक्षा आईच जास्त आलीये, कमरेला फोन खोचलेला. धुऱ्यावरून दादा, आमच्या गावच्या सहायकाचा नंबर मिळाला. आईने तो वहीत नाही, पेनाने भिंतीवर लिहिलाय, गॅसवाल्याच्या नंबरखाली.