मदत हवी आहे: पॅलेडियमची अवस्था-घनता तांब्याहून कितीतरी अधिक, तरी रोधकता सहापट कशी?

धातुजिज्ञासू: नमस्कार. धातूतला प्रवाह फर्मी पातळीजवळचे (म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या सीमेजवळचे) इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तेव्हा त्या पातळीवर इलेक्ट्रॉनांना उपलब्ध अवस्था जितक्या दाट तितकी वाहकता जास्त असायला हवी. माझ्या आलेखात पॅलेडियमची घनता तांब्याच्या अनेक पट आहे. रोधकता मात्र तांब्याची 1.7 आणि पॅलेडियमची सुमारे 10.5 मायक्रोओहम-सेंटिमीटर. चर्चासत्र तोंडावर आले आहे, कृपया लवकर उत्तर द्यावे.

क्षणप्रभा: तापमान कोणते? घनता प्रति अणू आहे की प्रति घनसेंटिमीटर? आलेख गणनेतून आला की प्रयोगातून?

चारटोकी: रोधकता दोनच तारा जोडून मोजली असेल, तर जोडणीचा रोधही तिच्यात मिसळतो. चार टोकांची पद्धत वापरा. पातळ थरांसाठी मी दुसरे काहीच वापरत नाही.

धातुजिज्ञासू: मी काहीही मोजलेले नाही. रोधकता संदर्भग्रंथातली, कक्ष तापमानाची आहे. घनता प्रति अणू, गणनेतून काढलेली आहे.

क्षणप्रभा: मग घनतेबद्दल शंका नको; विशिष्ट उष्णतेतला इलेक्ट्रॉनांचा वाटा याच घनतेच्या प्रमाणात असतो. अतिशीत तापमानाला मोजलेल्या विशिष्ट उष्णतेतला इलेक्ट्रॉनांचा सहगुणक तांब्यासाठी 0.7 आणि पॅलेडियमसाठी 9.4 मिलिज्यूल प्रति मोल प्रति केल्विन-वर्ग आहे. मात्र वाहकता ही विद्युतभाराचा वर्ग, घनता आणि विसरण-गुणांक (इलेक्ट्रॉन किती झपाट्याने पसरतात याचे माप) या तिघांचा गुणाकार असते, आणि विसरण-गुणांक वेगाच्या वर्गावर व दोन टकरींमधल्या काळावर अवलंबून असतो. पॅलेडियमची फर्मी पातळी सपाट डी-पट्ट्यात (अणूंच्या डी-कक्षकांपासून बनलेल्या ऊर्जापट्ट्यात) येते. ज्या सपाटपणामुळे अवस्था दाटतात, त्याच सपाटपणामुळे इलेक्ट्रॉनांचा वेग घटतो. शिवाय नेव्हिल मॉट यांनी 1936 मध्ये दाखवले, की वेगवान एस-इलेक्ट्रॉन (एस-कक्षकांपासून बनलेल्या रुंद पट्ट्यातले) याच रिकाम्या डी-अवस्थांत फेकले जातात. म्हणजे घनता वाढली की टकरीनंतर जाण्यासाठी जागाही वाढतात, आणि टकरींमधला काळ कमी होतो.

जालकवादी: डी-पट्ट्याला इतके श्रेय देऊ नये. डिबाय तापमान, म्हणजे अणूंच्या जालकाच्या ताठपणाचे माप, पॅलेडियमचे 274 केल्विन, तांब्याचे 343. जालक मऊ असले की कक्ष तापमानाला कंपने अधिक आणि रोधही अधिक. एवढे कारण पुरेसे आहे.

क्षणप्रभा: पुरेसे नाही. आवर्तसारणीत पॅलेडियमच्या शेजारीच बसलेल्या चांदीचे डिबाय तापमान 225 केल्विन, म्हणजे पॅलेडियमहूनही कमी आहे, आणि तिची रोधकता 1.6 आहे. चांदीचा डी-पट्टा पूर्ण भरलेला असून फर्मी पातळीच्या बराच खाली असतो. आपले कारण खरे असते, तर चांदी पॅलेडियमहून वाईट वाहक ठरली असती.

जालकवादी: चांदीचे उदाहरण मान्य, तरी कंपनांशिवाय कक्ष तापमानाला टक्करच होत नाही, हे विसरू नये.

चुंबकप्रेमी: निकेल पाहा. 627 केल्विनच्या क्युरी तापमानाखाली (जिथे तो चुंबकीय होतो) त्याची रोधकता अधिक वेगाने उतरते, कारण इलेक्ट्रॉनांच्या दोन फिरकींपैकी (स्पिनपैकी) एका फिरकीचा डी-पट्टा भरत जातो आणि त्या फिरकीच्या इलेक्ट्रॉनांना तिथे जाण्याची वाट बंद होते. मॉट यांचा युक्तिवाद मला निकेलमध्येच सर्वांत स्पष्ट दिसतो.

धातुजिज्ञासू: पण मी बोल्ट्झट्रॅप या संगणक-प्रणालीने वाहकताही काढली आहे. तिच्यात वेग आलेलाच आहे, तरी दोन धातूंतला फरक दुपटीइतकाही निघत नाही. सहापट येते कुठून?

क्षणप्रभा: हे पहिल्याच प्रश्नात लिहायला हवे होते, कारण उत्तर त्यातच आहे. ती प्रणाली वाहकता भागिले टकरींमधला काळ एवढेच देते. आपण दोन्ही धातूंसाठी तो काळ एकच धरलेला दिसतो. घनतेची वाढ आणि वेगाची घट एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात, म्हणून फरक लहान निघाला. उरलेला सगळा फरक त्या काळात आहे, आणि तो इलेक्ट्रॉन-फोनॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन आणि जालकाची कंपने यांच्या टकरींच्या) गणनेशिवाय मिळणार नाही. चर्चासत्रासाठी तांबे, पॅलेडियम आणि चांदी या तिन्ही धातूंची घनता आणि वेगाच्या वर्गाची सरासरी शेजारी-शेजारी मांडा. चांदी वगळू नका.